मांडवीवरून सरळ

दुपारी बाराच्या सुमारास जयसिंगराव ताटावर बसले होते. भाकरीचा दुसरा तुकडा मोडला होता, आणि बाहेर रस्त्यावरून त्यांची मोटार गेली. त्यांची म्हणजे बंबखान्याची, जखमींना नेणारी, म्हणजे सरकारची. पण सात वर्षं ती त्यांच्याशिवाय कुणी चालवली नव्हती. आज कुणीतरी चालवत होतं, आणि कोपऱ्यावर वळताना त्यानं गिअर टाकला तो दातावर दात घासल्यासारखा करकरला. जयसिंगरावांचा डावा पाय पाटाखाली आपोआप दाबला गेला. त्या मोटारीला क्लच दोनदा दाबावा लागतो. एकदा दाबायचा, सोडायचा, एक श्वास थांबायचं, मग पुन्हा. हे त्यांनी कुणाला शिकवलं नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं. आत झोळीवर कुणीतरी पडलेलं असणार किंवा आता पडणार असणार, आणि प्रत्येक वळणाला त्याच्या मोडलेल्या हाडाला असा एक हिसका बसणार. घास तोंडात तसाच राहिला. आवाज न्यायमंदिराच्या बाजूला विरत गेला तरी पाय दाबलेलाच होता.

"जेवा," मथुराबाई म्हणाल्या. त्यांनी आवाज ऐकला होता, आणि न ऐकल्यासारखं करून त्या ताटात आमटी वाढत होत्या. "उद्या शनिवार, मुदत संपते. सही करून टाका त्या कागदावर. साहेब इतकं म्हणतायत तर."

"काय म्हणतायत साहेब?"

"महिन्याभरात परत घेऊ म्हणतायत ना! मोटारीवर नाही तर नाही, बंबाच्या पाइपांवर. घरी बसलेला माणूस मला बघवत नाही."

कागद कोनाड्यात, आरशामागे होता. त्यावर चारच ओळी होत्या आणि त्या जयसिंगरावांना पाठ झाल्या होत्या. संक्रांतीला, म्हणजे उतराणीच्या दिवशी, शहरात गोंगाट फार असल्याने आणि आपणास अलीकडे ऐकू कमी येत असल्याने आपण 'गेंडीगेट' हा शब्द 'पाणीगेट' असा ऐकला, सबब मोटार भलत्या ठिकाणी गेली, याबद्दल आपणास खेद आहे. साहेबांनी हे सौम्य करून लिहवलं होतं. साहेब चांगला माणूस. खोटं त्यांनी लिहिलं नव्हतं. जे त्यांना सांगण्यात आलं ते लिहिलं होतं. आणि सांगितलं वसंतानं.

नाव मनात आलं की जयसिंगरावांना आधी पाण्याचा वास यायचा. सत्तावीस सालच्या पुराच्या पाण्याचा, चिखलाचा, घासलेटाचा आणि मेलेल्या गुरांचा. तेव्हा दोघेही बंबखान्यात नवे होते. दोघांचेही वडील पागेत शिलेदार. घोडे गेले, पागा ओस पडल्या, मुलं बंबखान्यात आली, एवढाच काय तो फरक. विश्वामित्री नदी चढत चढत घरांत शिरली होती, आणि तेलाचे रिकामे पिंप बांधून केलेल्या तराफ्यावरून हे दोघं माणसं काढत होते. तिसऱ्या दिवशी दुपारी एका झाडाच्या फांदीनं तराफा उलटला. जयसिंगरावांना आठवायचं ते इतकंच, की पाणी तपकिरी होतं आणि आत गेल्यावर काळं झालं, आणि मग कुणीतरी मागून कॉलर धरली. वसंतानं त्यांना अर्धा फर्लांग तसंच ओढत नेलं. वर काढल्यावर शिव्या दिल्या, आणि मग दोघं एका छपरावर बसून ओले फुटाणे खात हसत राहिले होते. त्याच पाण्यानं वसंताच्या डाव्या कानात पू झाला. महिनाभर तो कानात कापूस घालून फिरला. डावा कान गेला. "एक आहे ना अजून," तो म्हणायचा, "देवानं दोन दिलेत ते याचसाठी." पुढे त्याला शिडीवरून काढून टेलिफोनवर बसवलं. बसून काम, सावलीत काम. खबर आली की पाटीवर लिहायची, घंटेची दोरी ओढायची, ठिकाण ओरडून सांगायचं.

दोन वर्षांपूर्वी उजवाही कान मंदावायला लागला. हे जयसिंगरावांना कुणी सांगितलं नाही, आणि वसंतानं तर कधीच नाही. त्यांना ते हळूहळू समजलं. वसंत बोलणाऱ्याच्या तोंडाकडे पाहायला लागला. प्रश्न विचारला की आधी हसायचा, मग उत्तर द्यायचा. टेलिफोनवर मात्र तोंड नसतं. एकदा खबर डभोईच्या रस्त्यावरची होती आणि वसंतानं लिहिलं दांडिया बाजार. जयसिंगराव योगायोगानं शेजारी उभे होते, रिसीव्हरमधून निसटणारा बारीक आवाज त्यांनी ऐकला होता. काही न बोलता त्यांनी पाटी पुसून दुरुस्त केली. वसंतानं पाहिलं. तोही काही बोलला नाही. त्या दिवसापासून टेलिफोन वाजला की जयसिंगराव जिथे असतील तिथून येऊन शेजारी उभे राहायचे, किंवा "सोड, मी घेतो, तू लिही" म्हणून स्वतःच रिसीव्हर उचलायचे. बाकीच्यांना वाटायचं, जयसिंगराव शिर्क्यांना टेलिफोनची भारी हौस. दोन वर्षं हे चाललं. या दोन वर्षांत दोघांमध्ये त्याविषयी एक शब्द झाला नाही, आणि जयसिंगरावांना तीच मैत्री वाटत आली होती. एखाद्याची उणीव आपल्या अंगावर घेऊन चालायचं आणि त्याला वजन कळू द्यायचं नाही. त्याचा त्यांना मनातल्या मनात थोडा गर्वही होता. आता ताटावर बसून आमटीवरचा तेलाचा तवंग बघताना तो गर्व त्यांना आठवला, आणि जेवण पुढे सरेना.

उतराणीच्या दिवशी बंबखान्याला उसंत नसते. अख्खं बडोदं गच्चीवर. कुणी पतंगामागे मागे सरकत पत्र्यावरून खाली येतो, कुणाच्या गळ्याला मांजा बसतो. सकाळपासून चार खेपा झाल्या होत्या. चौथ्या खेपेहून परत आल्यावर मोटारीचं पाणी उकळत होतं, म्हणून जयसिंगराव हौदापाशी बादली भरत होते. टेलिफोन वाजल्याचं त्यांनी ऐकलं. बादली अर्धी भरली होती. जावं की भरून घ्यावी, असा एक विचार आला, आणि त्यांनी ती भरून घेतली. तेवढ्यात घंटा झाली, आणि वसंत दारात येऊन ओरडला, "पाणीगेट! बाई पडली गच्चीवरून! पाणीगेट!" ड्रेसर बळवंतराव पट्ट्यांची पेटी घेऊन शेजारी चढले. लेहरीपुरा दरवाजातून आत, पतंगांच्या शेपट्या आणि माणसं चुकवत मांडवीपर्यंत. मांडवीला उजवीकडे वळलं की गेंडीगेट, सरळ गेलं की पाणीगेट. ते सरळ गेले.

पाणीगेटला कुणी पडलं नव्हतं. गच्च्यांवरून लोक ओरडत होते, थाळ्या वाजवत होते. जयसिंगरावांनी खाली उतरून चार ठिकाणी विचारलं. "अहीं तो कोई पड्युं नथी, भाई," एक पानवाला म्हणाला, "तमे बीजे क्यांक जुओ." एकेक पोळ, एकेक गल्ली शोधण्यात वेळ गेला. शेवटी सायकलवरचा एक शिपाई धापा टाकत आला आणि म्हणाला, गेंडीगेट, गेंडीगेट, केव्हाची वाट बघतायत. बावीस मिनिटं. ती बाई दगडी ओट्यापाशी पडली होती. गच्चीचा लाकडी कठडा कुजलेला, त्याला टेकून ती दिराला हाक मारत होती म्हणे. चोवीस-पंचवीसची. तोंडातून रक्त येत होतं, पण शुद्धीवर होती. झोळीत घालताना ती नवऱ्याला म्हणाली, "दूध ठेवलंय चुलीवर, उतू जाईल." मांडवीपाशी परत आल्यावर आतून बळवंतरावांनी पत्र्यावर दोनदा थाप मारली. एक थाप म्हणजे सावकाश. दोन थापांचा काही अर्थ ठरलेला नव्हता. पण जयसिंगरावांना तो कळला. मोठ्या दवाखान्यातला डॉक्टर म्हणाला, आतल्या आत रक्त गेलं. पाव तास आधी आली असती तर काही करता आलं असतं.

चौकशीत पहिली जबानी त्यांचीच होती. "मला पाणीगेट सांगण्यात आलं," एवढंच ते म्हणाले. कानाचं नाव काढलं नाही. का काढावं? वसंत मागेच बाकावर बसला होता. तो उठेल, म्हणेल, साहेब, चूक माझी, मला नीट ऐकू आलं नाही. माणसानं आपलं व्यंग आपल्या तोंडानं सांगावं, दुसऱ्यानं त्याचं फडकं ओढून काढू नये. मग वसंत उठला. त्यानं साहेबांच्या तोंडाकडे नीट पाहिलं, प्रश्न संपेपर्यंत पाहिलं, हसला, आणि म्हणाला, "मी गेंडीगेटच म्हणालो, साहेब. गोंगाट होता. आणि... आता सांगायला नको, पण जयसिंगरावांना अलीकडे ऐकू कमी येतं. आम्ही सांभाळून घेतो." खोलीत कुणीतरी खोकलं. बळवंतरावांना विचारलं. ते म्हणाले, आपण पेटी लावत होतो, लक्ष नव्हतं. त्यांची निवृत्ती दीड वर्षावर आली होती. ते जमिनीकडे बघत होते, आणि जयसिंगराव वसंताकडे बघत होते. आपण पाहतोय तो चेहरा ओळखीचाच आहे हे त्यांना पुन्हा पुन्हा स्वतःला सांगावं लागत होतं. राग आला नाही. काहीतरी फार साधं, शाळेत पट्टी चोरीला गेल्यावर वाटतं तसं वाटलं. त्यानं नुसतं खोटं बोलावं, तेही समजलं असतं. पण त्यानं स्वतःचा बहिरेपणा काढून यांच्या गळ्यात घातला होता, आणि 'आम्ही सांभाळून घेतो' हे दोन वर्षांत कधीही न बोललेलं वाक्य, जे बोलण्याचा हक्क फक्त यांचा होता, तेही उचलून नेलं होतं.

"कुठे निघालात?" मथुराबाईंनी विचारलं. ताटात भाकरी तशीच होती.

"येतो जाऊन," ते म्हणाले. कोनाड्यातला कागद त्यांनी घडी करून खिशात घातला. मथुराबाईंना वाटलं, सही करायला निघाले.

बंबखान्याकडे जायचं म्हणून ते निघाले होते, पण पाय लेहरीपुऱ्याकडे वळले. पायी हा रस्ता ते किती दिवसांत चालले नव्हते. मोटारीतून दुकानं नुसती सरकतात. आता कापडवाल्याच्या गादीवरचा माणूस, तपेल्यांचा ढीग, वासराला हाकलणारी म्हातारी, सगळं आपापल्या जागी थांबून त्यांच्याकडे बघत होतं. कुणी मागून हाक मारली तर आपण लगेच वळायला हवं, असं त्यांना वाटत राहिलं. लगेच वळलो नाही तर लोक म्हणतील, खरंच. चौकशी झाल्यापासून सोळा दिवस ते असे ऐकत होते, प्रत्येक आवाज मोजून, जणू कान दुसऱ्याचे आहेत आणि परत करायचे आहेत. मांडवीच्या कमानीखाली ते उभे राहिले. सरळ रस्ता सरळ होता. मग ते उजवीकडे वळले. चालता चालता त्यांनी वाक्यं जुळवली. आपण कोण, कशासाठी आलो, चूक कुठे झाली. वसंताला दोन वर्षांपासून ऐकू कमी येतं. मला ठाऊक होतं. मित्र म्हणून मी झाकलं. तीनच वाक्यं. ती बोलून झाली की काय होईल, इथपर्यंत मन जात नव्हतं.

घर सापडायला वेळ लागला नाही. वरचा कठडा अजून तुटलेलाच होता. तिथे दोरी बांधली होती. दार नवऱ्यानं उघडलं. नारायण त्याचं नाव, शाळेत ड्रॉइंग शिकवायचा. डोक्यावरचे केस नुकते उगवत होते.

"मी जयसिंगराव शिर्के. त्या दिवशी मोटार माझ्याकडे होती."

नारायणानं त्यांना पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "आत या," तो बराच मोठ्यानं, एकेक अक्षर सुटं करत म्हणाला. "ओट्यावर नको. लोक बघतात."

आतला जिना चढून वर चटईवर बसल्यावरही तो तसाच मोठ्यानं बोलत राहिला. जयसिंगरावांना आधी कळेना. मग कळलं, आणि कानशिलं तापली.

"तुमचे टेलिफोनवाले वसंतराव परवा येऊन गेले," नारायण म्हणाला. "इथेच बसले होते. रडले. मला वाटलं नव्हतं कुणी सरकारी माणूस येऊन रडेल. म्हणाले, जयसिंगला दोन वर्षांपासून ऐकू कमी येतं. मला ठाऊक होतं. मित्र म्हणून मी झाकलं."

जयसिंगरावांनी वाटेत जुळवलेली तीन वाक्यं कुणीतरी आधीच इथे आणून, याच चटईवर मांडून गेलं होतं. फक्त नाव बदललं होतं. आता तीच वाक्यं बोलली तर ती उष्टी होणार होती. त्यांना वसंताचं रडणं दिसलं. ते रडणं खोटं नसणार, हे त्यांना माहीत होतं, आणि तेच फार वाईट होतं. वसंत खरंच रडला असेल. खरं बोलण्याचं सुख त्यानं घेतलं असेल, पूर्ण, पोटभर, आणि नाव तेवढं यांचं घातलं असेल.

"तसं नाही ते," ते कसेबसे म्हणाले. "उलट आहे."

नारायण उठला, त्यांच्याकडे पाठ करून कोनाड्यापाशी गेला. तिथे एक तसबीर होती, तिची धूळ त्यानं बोटानं पुसली. आणि भिंतीकडे तोंड ठेवून, जवळजवळ श्वासातच, तो म्हणाला, "माहेरचं नाव तिचं सरोजिनी. इथे आनंदी ठेवलं. मी सरूच म्हणायचो."

"सरू," जयसिंगराव म्हणाले.

नारायण वळला तेव्हा त्याचा आवाज साधा झाला होता, एका माणसानं दुसऱ्याशी बोलावा तसा. "म्हणजे बहिरे ते आहेत."

"हो."

"आणि तुम्हाला ठाऊक होतं."

"हो."

"दोन वर्षं."

"दोन वर्षं."

"त्याचा कान गेला होता, शिर्के," नारायण म्हणाला. "तुमचं काय गेलं होतं?"

पुराचं पाणी, छपरावरचे ओले फुटाणे, मागून धरलेली कॉलर, हे सगळं या खोलीत आणून या माणसापुढे ठेवता येण्यासारखं नव्हतं. वसंतानं आपल्याला काढलं होतं ते खरं. पण त्याची फेड आपण कुणाच्या जिवावर करत होतो, हे दोन वर्षांत एकदाही मनात आलं नव्हतं. टेलिफोनच्या त्या टोकाला कुणीतरी असतं. दोन वर्षं त्या टोकाला कुणी ना कुणी होतं, आणि त्यांच्या आणि मदतीच्या मध्ये एका माणसाचा कान आणि दुसऱ्या माणसाचा भिडस्तपणा होता. ते उठले. नमस्कार करावा की नाही कळेना. नारायण दारापर्यंत आला आणि नुसतं म्हणाला, "जिना अंधारा आहे, जपून."

बंबखान्यात ते पोचले तेव्हा चार वाजायला आले होते. मोटार बाहेर उभी होती, चिखल न पुसलेली. साहेब आत कुणाशी तरी बोलत होते. जयसिंगराव बाहेरच्या खोलीत बाकावर बसले. समोर टेबल, टेबलावर टेलिफोन, टेबलामागे वसंत. सोळा दिवसांनी ते एकमेकांसमोर होते. वसंत वाळला होता. त्यानं पाहिलं, हसला, आणि नेहमीसारखं म्हणाला, "चहा सांगू?" जयसिंगरावांनी नको म्हणून मान हलवली. त्यांना त्याच्या तोंडावर काहीतरी सापडेल असं वाटत होतं, शरम किंवा भीती किंवा वैर, आणि त्यांनी खूप शोधलं. तिथे फक्त ओळख होती. इतक्या वर्षांची, सवयीची, घरातल्या भांड्याकडे बघावं तशी.

टेलिफोन वाजला. तिसऱ्या खणखणाटाला वसंतानं रिसीव्हर उचलला, उजव्या कानाला लावला, कपाळाला आठ्या घातल्या. "हां... हां... कुठे?" तो म्हणाला. पुन्हा म्हणाला, "कुठे?" त्याचे डोळे बोलणाऱ्याचं तोंड शोधत खोलीभर फिरले आणि जयसिंगरावांवर येऊन थांबले. मग त्यानं हात लांब केला आणि रिसीव्हर त्यांच्यापुढे धरला. काही न बोलता, काही न मागता, जणू मधल्या काळात काही झालंच नव्हतं. जयसिंगराव एक क्षण बसून राहिले. मग उठले आणि रिसीव्हर घेतला. चांपानेर दरवाजाबाहेर घोडागाडी उलटली होती, गाडीवान चाकाखाली होता. त्यांनी ठिकाण दोनदा विचारून घेतलं, दोनदा मोठ्यानं म्हटलं, पाटीवर स्वतः लिहिलं. माणसं धावली. नव्या ड्रायव्हरच्या खिडकीपाशी जाऊन ते म्हणाले, "क्लच दोनदा दाब. मध्ये एक श्वास थांब." मोटार गेली.

परत आले तेव्हा वसंत पाटीवरच्या अक्षरांकडे बघत होता. "बरं झालं तू होतास," तो म्हणाला.

"शिर्के?" आतून साहेबांनी विचारलं. "सही आणलीत?"

जयसिंगराव आत गेले. खिशातला कागद काढून, तशीच घडी, त्यांनी टेबलावर ठेवला. "सही केलेली नाही, साहेब. दुसरा कागद घ्या. पहिलं वाक्य माझ्याविषयी लिहा. मला दोन वर्षांपासून ठाऊक होतं, आणि मी सांगितलं नाही. पुढचं सांगतो."

"विचार केलात? हे लिहिलं की तुम्हालाही परत घेता येणार नाही."

"हो."

साहेबांनी टाक दौतीत बुडवला. "बोला."

दार उघडंच होतं. वसंत दहा हातांवर बसला होता, आणि इथलं एक अक्षरही त्याला ऐकू जाणार नव्हतं. जयसिंगराव दाराकडे तोंड करून उभे राहिले आणि त्यांनी आवाज चढवला.